कंगव्याचा लिलाव

पैज लागली ती टकलावरून. पाण्याची मोटर जळाली होती, सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली ताटकळत उभी होती, आणि रिकामं डोकं नि रिकामी बादली एकत्र आली की जे व्हायचं तेच झालं.

भोंग्यानं खिशातून कंगवा काढला आणि डोक्यावरून फिरवला. भोंग्या म्हणजे घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणारा. त्यानं 'एकवार' म्हटलं की गेटबाहेरच्या ट्रकमधला ड्रायव्हर झोपेतून उठून बसायचा. देवानं आवाज देताना हात मोकळा सोडला होता, केस देताना मात्र मूठ आवळली होती.

"काय विंचरतोस रे? घाम?" तळमजल्यावर सलून चालवणारा मिश्या म्हणाला. त्याच्या मिशा एवढ्या भरदार होत्या की चहा प्यायला की अर्धा कप त्यांच्यातच राहायचा.

"सहा महिने थांब," भोंग्या म्हणाला. "याच डोक्यावर भांग पाडून दाखवतो."

"तुझ्या टकलावर केस आले तर माझी मिशी तुझ्या हातानं भादर. माझ्याच दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाइकांसमोर."

"आणि नाही आले तर?"

"तर हा कंगवा तू लिलावात काढायचा. तुझ्याच बाजारात, तुझ्याच ओट्यावर, तुझ्याच तोंडानं!"

वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाई पंच झाल्या. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई, तिनं लगेच अट घातली, "तेल लावा, चोळा, उलटं टांगून घ्या. पण गोळी-औषध पोटात गेलं की पैज हरलात."

भोंग्यानं मान डोलावली, आणि पुढच्याच आठवड्यात शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून केसांच्या व्हिटॅमिन गोळ्यांचा मोठा डबा आणला. ठेवायच्या कुठे? तर घसा मोकळा राहावा म्हणून तो चघळायच्या गोळ्या ज्या पत्र्याच्या डबीत जवळ बाळगायचा, तिच्यातच. भर बाजारात डबी उघडायची, गोळी तोंडात टाकायची, लोक म्हणायचे, घसा जपतोय बिचारा.

तिसऱ्या महिन्यात टकलावर कोवळी लव दिसायला लागली. मिश्या येताजाता स्वतःच्या मिशीवरून हात फिरवायला लागला, सासरी निघालेल्या पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

आणि मग एका सकाळी भोंग्याची दाढी करताना मिश्याचा हात थांबला. वस्तरा गळ्याशी, आणि हात थांबलेला.

"गिळ रे जरा."

"काय?"

"थुंकी गिळ." त्याचं बोट गळ्याच्या खालच्या बाजूला टेकलेलं होतं. "हे काय आहे? सुपारीएवढं?"

आरशात भोंग्यानं आपला गळा बघितला. गिळलं की काहीतरी वर जायचं, खाली यायचं. मिश्यानं दाढी अर्धीच सोडून फेस पुसला आणि दुकानाचं शटर ओढलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाणी प्यायला लावलं, मागून उभं राहून गळा चाचपला, आणि नेहमीसारखा विनोद केला नाही. त्याचीच भोंग्याला जास्त भीती वाटली. "थायरॉइडची गाठ दिसतेय. बहुतेक साधीच असते. पण रक्त तपासू."

भोंग्याची बायको शाळांचे युनिफॉर्म शिवायची, आणि शाळा उघडायच्या तोंडावर तिला मशीनवरून उठायची सोय नव्हती. तिनं मिश्याला बोलावून घेतलं. "भाऊजी, यांना एकटं सोडू नका. हा माणूस डॉक्टरसमोर 'सगळं झकास' म्हणून परत येईल. प्रश्न विचारले की उत्तरं तुम्ही द्या."

इथेच घोटाळा झाला. कारण मिश्यानं ते मनावर घेतलं.

लॅबमध्ये रक्त काढणारीनं दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "काही गोळ्या चालू?"

"ह्याला?" मिश्या म्हणाला. "डोकं दुखलं तरी घेत नाही. फक्त घशाच्या गोळ्या, चघळायच्या."

भोंग्यानं खिशातली डबी आणखी आत ढकलली. केसांची गोळी तर सकाळीच पोटात गेली होती. पण व्हिटॅमिन म्हणजे काय औषध थोडंच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पैजेच्या वेळी मात्र तो बरोबर उलटं समजला होता, म्हणून तर डबी लपवली होती.

रिपोर्ट आला. थायरॉइड सुसाट सुटलेला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. तिथल्या खिडकीतल्या माणसानं ती उलटीसुलटी करून बघितली. "ही मेडिसिनची. आधी तिकडे." मेडिसिनवाल्यांनी गळा बघितला, रिपोर्ट बघितला, आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हार्मोनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी सोनोग्राफी करून आणा. सोनोग्राफीवाला म्हणाला, यावर सही नाही. सही करणारा जेवायला गेलेला.

"बाजारात एवढ्या वेळात तीन ट्रक भेंडी विकली असती," भोंग्या म्हणाला.

"इथे तू भेंडी आहेस. गप बस," मिश्या म्हणाला. मग हात पुढे केला. "दे एक घशाची गोळी. भांडून भांडून घसा बसला माझा."

भोंग्याचा हात खिशावर घट्ट बसला. "संपल्या."

"डबी वाजतेय की खिशात!"

"त्या... कडू आहेत. तुला नाही चालायच्या."

मिश्यानं त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून बसला. गळ्यात गाठ असलेल्या माणसावर रागावताही येत नव्हतं त्याला.

गाठीत सुई घातली, नमुना गेला. तो रिपोर्ट येईपर्यंतच्या काळजीत बायकोनं एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या शिवल्या. मग डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "गाठ साधी आहे. त्याची चिंता सोडा."

मिश्यानं एवढा मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचे कागद हलले.

"पण रक्त मला पटत नाहीये," बाई म्हणाल्या. "हात पुढे करा, बोटं पसरा." बोटं स्थिर. त्यांनी नाडी धरली. "वजन उतरलं?"

"पोट बघा की!" मिश्या म्हणाला.

"झोप?"

"याच्या घोरण्यानं माझ्या दुकानातला आरसा हलतो."

"कागद म्हणतो घोडा उधळलाय, आणि समोर तर हा..." बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. रक्त पुन्हा काढायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सरळ भोंग्याच्या डोळ्यात बघितलं. "नीट आठवून सांगा. काहीही पोटात जातं का? पावडर, व्हिटॅमिन, जाहिरातीतलं काही? असल्या गोष्टींनी तपासणी फसू शकते."

खोलीत पंखा फिरत होता. भोंग्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सांग. आत्ता सांग. पण शेजारी मिश्या बसलेला, रोज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेला, आणि त्या मिशा! सांगितलं की ओटा, बाजार, कंगवा. आणि त्याहून वाईट म्हणजे, हा माणूस आपल्यासाठी रांगा लावतोय आणि आपण त्याला पहिल्या आठवड्यापासून फसवतोय.

"काहीच नाही हो," मिश्यानंच उत्तर दिलं. "घशाच्या गोळ्या फक्त. मी हमी देतो."

हमी! भोंग्यानं खाली फरशीकडे बघितलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, पण आवाजात ठीक नव्हतं. "मग ही गाठच जादा हार्मोन सोडत असणार. एक स्कॅन लागेल, त्याची रांग मोठी आहे. तोवर थायरॉइड दाबायची गोळी उद्यापासून सुरू करा. आणि आजच वर सर्जनना दाखवून या."

सर्जन तरुण होता, मऊ बोलणारा. कागदावर त्यानं गळ्याचं चित्र काढलं, फुलपाखरासारखं, आणि त्याच्या मागून एक बारीक रेघ ओढली. "ही आवाजाची नस. गाठीचं ऑपरेशन करताना आम्ही जपतो तिला. क्वचितच दुखावते. पण दुखावली तर आवाज घोगरा होऊ शकतो, मोठा निघत नाही. तुम्ही काम काय करता?"

यावेळी मिश्यानं मान फिरवली होती आणि तो खिडकीबाहेर काहीही नसलेल्या भिंतीकडे बघत होता.

"लिलाव पुकारतो," भोंग्या म्हणाला.

सर्जननं पेन खाली ठेवलं.

त्या बारीक रेघेकडे भोंग्या बघत राहिला. पेनाची रेघ. ती तुटली की ओट्यावर उभं राहून तोंड हलवायचं आणि ट्रकमधला ड्रायव्हर झोपलेलाच. कशासाठी? टकलावरच्या चार केसांसाठी. त्यानं मनातल्या मनात कुजबुजून बघितलं, 'एकवार'. स्वतःलाच ऐकू आलं नाही.

तो खुर्चीवरून उठला.

"अहो, अजून झालं नाही," सर्जन म्हणाला.

"अरे कुठे?" मिश्या मागून धावला. "लिफ्ट इकडे! भोंग्या!"

भोंग्या जिन्यानं सुटला. पोट सांभाळत, कठडा धरत, दोन दोन पायऱ्या. खाली हार्मोनच्या ओपीडीचे दिवे मालवत होते. दाराशी उभ्या शिपायानं हात आडवा घातला. "संपली ओपीडी. सोमवारी या."

लांब कॉरिडॉरच्या टोकाला डॉक्टरबाई पर्स खांद्याला लावून चालल्या होत्या. दार उघडलं त्यांनी. उद्यापासून थायरॉइडची गोळी.

भोंग्यानं छाती भरून घेतली.

"डॉक्टरबा-आ-ई!"

अख्खं हॉस्पिटल थांबलं. स्ट्रेचर ढकलणारा थांबला, एका म्हाताऱ्यानं दोन्ही कान झाकले, कुठल्याशा वॉर्डात स्टीलचा ट्रे पडला. बाई वळल्या.

भोंग्या धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि खिशातून डबी काढून झाकण उघडलं. "ह्या घशाच्या नाहीत. केसांच्या आहेत. रोज खातो. रक्त दिलं त्या सकाळीही खाल्ली. दोन्ही वेळा."

बाईंनी एक गोळी चिमटीत धरली. "डबा कुठाय? काय लिहिलंय त्यावर?"

"बायोटिन. तिप्पट ताकद."

त्यांनी डोळे मिटले, पोटच्या पोरानं भिंत रंगवल्यावर आई मिटते तसे. "एवढ्या मोठ्या डोसनं रक्त तपासायची काही यंत्रं चकतात. थायरॉइड शांत असला तरी कागदावर उधळलेला दिसतो. कदाचित तेच झालंय. कदाचित, कळलं? आधी ह्या बंद. मी सांगेन त्या दिवशी पुन्हा रक्त. तोवर ती दुसरी गोळी सुरू करायची नाही, आणि सर्जनला मी सांगते."

मागे मिश्या उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे पैज..."

"हरलो," भोंग्या म्हणाला.

मिश्या वळून चालायला लागला. घरापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात तो दहा पावलं पुढेच राहिला. जिन्याखाली, जिथे पैज लागली होती तिथेच, तो थांबला आणि त्याचा बांध फुटला. "मी हमी दिली होती रे! तुझा आवाज गेला असता ना, तर वहिनीला तोंड कसं दाखवलं असतं मी? गोळ्या खायच्या होत्या तर खायच्या! मिशी मागायची होती तर सरळ मागायची! दिली असती!" आणि मग मिशीला हात लावून, जरा खालच्या आवाजात, "कदाचित."

त्यानंतर काही दिवस कुणीच पैजेचा विषय काढला नाही. रक्त पुन्हा दिलं. बायकोनं यावेळी मशीन बंद ठेवलं आणि स्वतः आली. दोन्ही बाजूंना दोघं आणि मध्ये भोंग्या, पकडून आणल्यासारखा. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. "शांत," त्या म्हणाल्या. "अगदी शांत. ऑपरेशनची गरज नाही. गाठ मात्र आहे तिथे राहील. दर वर्षी येऊन दाखवायची. टाळायची नाही."

बायको म्हणाली, "अहो, घरी चला, मग बघते तुमच्याकडे." आणि तिथेच डोळ्याला पदर लावला.

पुढच्या शनिवारी बाजार भरला तेव्हा भोंग्या ओट्यावर चढला. लव झडून डोकं पुन्हा आरशासारखं झालेलं. पंच बाई आणि भोंग्याची बायको पहिल्या रांगेत कोबीच्या पोत्यांवर बसल्या होत्या. भोंग्यानं कंगवा उंच धरला.

"बोला! माल एकदम कोरा! वापर जवळजवळ शून्य! मालकानं गोळ्या खाऊन पैज लढवली, लबाडी केली आणि हरला! बोला!"

बाजार खदखदून हसला. "एक सडका टोमॅटो!" कुणीतरी ओरडलं. "दोन!" "टोमॅटो नको, टकलाला पॉलिश करून देतो!" भोंग्या एकेक बोली तेवढ्याच इमानानं पुकारत होता, आणि गेटबाहेरच्या ट्रकमधला ड्रायव्हर उठून बसला होता.

मग मागून मिश्याचा आवाज आला. "दर वर्षी गळा दाखवायला नेईन! रांगेत मी उभा राहीन! पण उत्तरं हा स्वतः देईल!"

सगळ्या बाजारानं माना वळवल्या. भोंग्यानं कंगवा आणखी उंच धरला. "एकवार," तो म्हणाला. "दोनवार." त्यानं बायकोकडे बघितलं, पंच बाईंकडे बघितलं. कुणी पुढे बोलेना.

"तीनवार!"

मिश्या ओट्यापाशी आला, कंगवा घेतला, शर्टाला पुसला, आणि सगळ्या बाजारासमोर ऐटीत मिशी विंचरायला लागला.