दोन डिसेंबरची ओळ

"एकच ओळ, उस्ताद शौकी. त्यापुढे एक अक्षर नाही," रानिया म्हणाली. "खाली साबणाची जाहिरात आहे."

"अगं, पण सात नावं आहेत..."

"ओळ हवी की नको?"

"हवी, बाई, हवी!"

रानिया संपादक, शौकीच्या मुलीच्या वयाची. मनानं वाईट नव्हती. उद्या हा म्हातारा निवृत्त होणार, एक ओळ मागतोय तर घे म्हणाली. तिच्या जागी आधी बसलेल्या माणसानं तेवढंही कधी केलं नव्हतं.

'आजच्या दिवशी आपलं शहर' ही चौकट शौकी सत्तावीस वर्षं भरत आला होता. दोन डिसेंबरला अलेक्झांड्रियात काय काय घडलं? एका पुलाचं उद्घाटन, एका नाटकमंडळीचा पहिला खेळ, फुटबॉलचा चषक. दर वर्षी त्याच तीन गोष्टी. चौथी गोष्टही घडली होती, पण तिच्यात पेपरचीच चूक होती. पेपरची म्हणजे शौकीची.

या शहरातल्या वादळांना नावं असतात आणि तारखाही. कासिमचं वादळ चार डिसेंबरला, हे शेंबडं पोरही सांगेल. अन्फूशीच्या कोळीवाड्यातला तांडेल सअद सहा खलाशी घेऊन दर्यावर गेला होता, कासिमच्या आत परत यायचं म्हणून. त्या वर्षी दूर दर्यात कासिम दोन दिवस आधीच उठला. पाच तारखेला प्रेतं किनाऱ्याला लागली. तेव्हा शौकी नवा वार्ताहर होता. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, कुणाला काही विचारलं नाही, आणि ठोकून दिलं: कासिमच्या दिवशीही बोट फिरवली नाही, तांडेलाच्या हावेपायी सात बळी.

छापलं तेच खरं ठरलं. सहा घरांनी सअदच्या आईचं तोंड बघणं सोडलं.

महिन्याभरानं ती आई, हाज्जा नफीसा, एक घड्याळ घेऊन कचेरीत आली. सअदच्या मनगटावरचं. पाणी शिरून बंद पडलेलं, आणि तारखेच्या खिडकीत दोनचा आकडा. "चार नव्हे हो, दोन! माझा पोरगा परत यायलाच निघाला होता." तेव्हाच्या संपादकानं घड्याळ उलटसुलट केलं आणि म्हणाला, आपला पेपर चुकत नाही. पुढच्या दोन डिसेंबरला ती अंक विकत घेऊन पुन्हा दारात उभी. वाचता येत नव्हतं तिला. "बघा ना, ह्या साली तरी लिहिलंय का?" शौकीला नाही म्हणवेना. त्यानं चौकटीवर बोट ठेवलं आणि जे नव्हतंच ते वाचून दाखवलं, नावानिशी. नावं मात्र सहाच. "माझ्याचं नका वाचू," ती म्हणाली होती, "त्या घरांचा तळतळाट लागेल त्याला."

तेव्हापासून दर साल हेच. आणि उद्या शेवटचं.

दोन तारखेला सकाळी ती आली. पार वाकली होती, पण जाळी विणणारे हात अजून राठ होते. शौकीनं तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला.

"हाज्जा, आज नीट ऐका हं." त्यानं बोट टेकवलं. पूल झाला, नाटक झालं, चषक झाला. "एकोणीसशे एक्याण्णव. कासिमचं वादळ दोन दिवस आधी उठून अन्फूशीची बोट बुडाली. तांडेलासह सात गेले, दोष कुणाचा नव्हता."

ओळ संपली. सवयीनं बोट चौकटीबाहेर सरकलं. "अब्बास, गाबिर..."

म्हातारीनं ते बोट धरलं. "थांबा. छापलंय ते इथवरच ना? ह्यापुढे साबण आहे."

शौकीनं बोट मागे घ्यायला पाहिलं, तिनं सोडलं नाही.

"जाळ्याचे डोळे बोटानं मोजण्यात जन्म गेला माझा, उस्ताद. तुमचं बोट दर साल चौकट ओलांडायचं. कधी चहाच्या जाहिरातीत, कधी साबणात, आणि तोंड आपलं चालूच! आणि खरंच छापून आलं असतं, तर सहातलं एक तरी दार उघडलं नसतं का?"

"मग येत का राहिलात?"

"सालातून एकदा कुणीतरी दोन तारीख म्हणायचं. मोठ्यानं. दुसरं कोण म्हणत होतं?" ती हसली. "परका माणूस माझ्यासाठी खोटं बोलतो, बरं वाटायचं."

शौकीला रडू फुटलं. इतकी वर्षं गिळलेलं बाहेर पडलं. "परका नाही हो मी. ती बातमी... हावेपायी वगैरे... ती मीच लिहिली होती."

चहावर साय धरली. शौकीला वाटलं, शिव्या दे, थोबाडीत मार, पण काहीतरी बोल.

"हे मला ठाऊक नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "हात काढा."

त्यानं हात काढला. तिनं आपलं बोट साबणाच्या वडीवर ठेवलं आणि वाचावं तसं सावकाश सरकवत म्हणाली, "अब्बास. गाबिर. लुत्फी. मुर्सी. शहात. धाकटा बैयूमी." तिथं थांबली. श्वास घेतला. "तांडेल सअद. माझा सअद."

"ह्यात तारीख कुठंय?" तिनं विचारलं, त्याच्याकडे न बघता.

शौकीनं चौकटीच्या माथ्यावरचा आकडा दाखवला. तिनं कनवटीचं फडकं सोडलं, ते बंद पडलेलं घड्याळ काढून त्या आकड्याला खेटून ठेवलं, आणि वाकून कितीतरी वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"सारखंच आहे," ती म्हणाली.