मधोमध वल्ही खाली

मास्तर 'पण' म्हणाला की टेबलाभोवतीची माणसं आपोआप सावरून बसायची. "पूल ओलांडून तुम्ही सुखरूप पलीकडे आलात, पण..." आणि पुढे काहीही यायचं. मागच्या खेळात खजिन्याच्या पेटीचं कुलूप चुटकीसरशी उघडलं, पण आत सोनं नव्हतंच. आत एक म्हातारा झोपला होता, आणि डोळ्यांवर उजेड आला म्हणून त्यानं तिघांनाही झाप झाप झापलं.

खेळच तसला. टेबलावर नकाशा पसरायचा, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं. ते जमतं की नाही, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं, आकडा मोठा पडला तर जमलं. आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटू लागलं की मास्तरनं मध्ये खोडा घालायचा. मास्तर असतोच त्यासाठी.

हा मास्तर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यापासून बहीणभाऊ मिळून शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवत होते. दोरा तुटतोय, टाका सुटतोय, सुई अडकतेय अशी मशीन ताईकडे. मशीनच्या विजेच्या मोटारीचं काम धाकट्याकडे. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून घ्यायचं, कामाचं टेबल पुसायचं आणि त्यावर खेळ मांडायचा. सोंगट्या विकत आणायची गरजच नव्हती. रिकाम्या बॉबिनीला रंगीत दोरा गुंडाळला की झाली सोंगटी. हिरवी ताईची, म्हणजे नावाडिणीची. निळी ड्रॉइंगच्या बाईंची. वर्गात खोडरबर पळवणाऱ्या पोरांना शिक्षा करणाऱ्या बाई इथं अट्टल चोर होत्या. लाल औषधवाल्याची. तो शूर लढवय्या, एरवी मांजर आडवं आलं तरी दचकणारा. आणि पिवळी वाटाड्याची. वाटाड्याच्या तोंडून मास्तर स्वतः बोलायचा. पहिल्याच खेळात नावाडिणीनं त्याला पुरातून ओढून काढलं होतं, आणि तेव्हापासून तो तिच्या होडीतून हलला नव्हता.

आज होडी मोठ्या नदीत होती. ताईचा फासा चांगला पडला होता, प्रवाह मानवला होता, पैलतीर दिसत होता.

"पण," मास्तर म्हणाला, "वाटाड्या होडीत उभा राहतो. म्हणतो, नावाडीणबाई, मला पलीकडे सोडा. मी आता परत येणार नाही. तिकडच्या राजानं मला कामावर घेतलंय."

ताईला आधी हसू आलं. मग तिनं समोर पाहिलं. एरवी अशा वेळी औषधवाला टेबलावर मूठ आपटून "हा अन्याय आहे" म्हणून ओरडायचा. आज तो चहाच्या कपात बघत बसला होता. ड्रॉइंगच्या बाई निळ्या बॉबिनीचा दोरा सोडवत होत्या आणि पुन्हा गुंडाळत होत्या.

"हे काय मध्येच?" ताई म्हणाली. "याला काही आगापीछा आहे का? अडचण आभाळातून पडत नाही, आधी खुणा पेराव्या लागतात, असं तूच छाती ठोकून सांगतोस ना?"

"पेरल्या होत्या," मास्तर खाली बघत म्हणाला. "त्यानं तुला ताऱ्यांवरून दिशा ओळखायला शिकवली. आजवर ते काम तो स्वतःच करायचा. मग घाटावर त्यानं पलीकडच्या गावाची चौकशी केली. आणि मागच्या वेळी स्वतःचं कांबळं म्हाताऱ्याला देऊन टाकलं."

ताईनं डोक्यात एकेक खूण लावून बघितली. बरोबर होतं, सगळं समोरच घडलं होतं. आणि मग तिला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. गेल्या महिन्यात धाकट्यानं तिला जबरदस्तीनं मोटार उघडायला बसवलं होतं, "तुलाही यायला हवं" म्हणून. दुसऱ्या जातीची मोटार शिकायची राहिलीच होती. ड्रॉवरवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कुठल्या मोटारीचा भाग कुठं ते लिहून. आणि परवा भली मोठी बॅग घेऊन आला होता. कशाला रे एवढी, असं विचारल्यावर "स्वस्तात मिळाली" म्हणाला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू जातोयस," ती म्हणाली.

मास्तर नकाशाचा कोपरा सरळ करू लागला.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानं आमच्याकडून शब्द घेतला होता," बाई पुटपुटल्या. "म्हणाला, मी बरोबर सांगतो तिला. तिला कळेल असं सांगतो."

"आणि तू?"

औषधवाल्यानं कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं त्याला, सरळ बोल म्हणून."

म्हणजे गल्लीतल्या औषधाच्या दुकानाला ठाऊक, शाळेच्या ड्रॉइंगच्या तासाला ठाऊक, आणि जिच्या हातचं खाऊन हा लहानाचा मोठा झाला, तिनं मात्र कांबळ्यावरून ओळखायचं! यानं खुणा पेरल्या म्हणजे यानं सांगितलं, असा याचा हिशेब. इतकी वर्षं खोडे घालून घालून याच्या डोक्यातच खोडा बसला होता. खेळातल्या माणसाला जे पुरतं ते सख्ख्या बहिणीलाही पुरेल, असं या दीडशहाण्याला मनापासून वाटलं होतं.

ताई उठून जाणार होती. शटर धाडकन वर करून रस्त्यावर जावं आणि या तिघांना काय करायचं ते करू देत, असं तिच्या मनात आलं. पण ती बसून राहिली. तिला खेळाचा आणखी एक नियम आठवला होता.

"अडचण घातली की पुढं खेळाडूला काहीतरी करता आलं पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर ती अडचण नाही, नुसती शिक्षा. हाही तुझाच नियम. खरं की नाही?"

"खरं."

"मग माझी पाळी. नावाडीण मधोमध वल्ही खाली ठेवते."

"ताई, प्रवाह जोरात आहे. फासा टाकावा लागेल."

"वल्ही खाली ठेवायला फासा कशाला लागतो? ठेवली. होडी आता ना इकडे, ना तिकडे. वाटाड्याला जे सांगायचंय ते तोंड वर करून सांगेल, मग बघू."

मास्तरनं घसा साफ केला. "नावाडीणबाई, तुमचे माझ्यावर फार..."

"नावाडीण नको. आणि ते राजाबिजाही नको."

मास्तरनं हातातला फासा नकाशावर ठेवला. मग त्या फाशाकडेच बघत राहिला, जणू तोच पुढचं सांगणार होता.

"ताई, मला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागलीय. लांब आहे. पुढच्या महिन्यात जायचंय." एवढं बोलून त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

"का? मी खाल्लं असतं तुला?"

"तू जा म्हणाली असतीस. लगेच. मला ते ऐकायचं नव्हतं."

ताईला याचा जास्तच राग आला. कारण ती तसंच म्हणाली असती. बॅगही तिनंच भरून दिली असती, आणि तो गेल्यावर दुकानात एकटीनं बसून मोटारींशी झटापट केली असती. ते सगळं करायला तिची ना नव्हती. पण ते तिला करायला मिळायला हवं होतं. त्याऐवजी यानं तिला चारचौघांत कोड्यात बोलून उल्लू बनवलं होतं.

तिनं हिरवी आणि पिवळी बॉबिन एकाच हातात घेतली, नदीपलीकडे नेली आणि पिवळी तीरावर ठेवली.

"उतर," ती म्हणाली. "नावाडीण होडी वळवते. एकटी परत निघते."

"काही होत नाही," मास्तर म्हणाला. "वारा पडलेला आहे, पाणी शांत आहे. नावाडीण नीट पोचते."

इतक्या वर्षांत त्यानं कुणालाही असं फुकट पोचू दिलं नव्हतं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. ताईनं मात्र हात पुढं केला.

"दया करू नकोस माझ्यावर. आण तो फासा."

तिनं फासा टाकला. तो सुयांच्या डबीला आपटून थांबला. सात.

"नीट पोचते," मास्तर घाईघाईनं म्हणाला.

"साताला कुणी नीट पोचत नाही. पोचलंय का आजवर कुणी? काय होतं ते सांग."

तिनं फासा त्याच्यापुढं सरकवला.

"वल्हं मोडतं," अखेर तो म्हणाला. "एक."

"एका वल्ह्यावर होडी नुसती गोल गोल फिरते," औषधवाला हळूच म्हणाला.

"तू गप बैस," ताई त्याला म्हणाली. मग तिनं हिरवी बॉबिन उचलली आणि भावाकडे बघत परतीच्या दिशेनं ठेवली. "एका वल्ह्यानंही चालवता येते मला. आणि पुढच्या सुट्टीला ती दुसरी मोटार उघडायला बस माझ्याबरोबर. शिकवायचंच आहे तर पुरतं शिकव."