शिखराच्या वाटेवरचं दूध

“पोर ठिवून जाऊ नगंस, इंदे. पान्हा काय घड्याळ बगून येत न्हाई,” चुलतसासू रंगूबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या होत्या.

इंदुमती हसली होती. सांगलीला राहून बी.एस्सी. झालेली ती, बाटली किती वेळ उकळायची, हे साऱ्या घराला तिनंच शिकवलं होतं. “दोन-तीन दिवसांचं तर आहे, काकी. बाटलीनं पितो की आता.”

नवस सासूचा, चालायचं मात्र सुनेनं. अनवाणी, कावडीच्या मागून, दहिवडीपासून शिखर शिंगणापूरच्या महादेवापर्यंत. चैत्राच्या उन्हात चार महिन्यांचं लेकरू न्यायचं नाही, हे तिनंच ठरवलं. इस्लामपूरच्या घरी ते रंगूबाईंच्या मांडीवर देऊन ती सासूबरोबर एस.टी.त चढली.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत तिचा पदर भिजला. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच होता. त्र्याहत्तरच्या त्या चैत्रात वाटेवर धुरळ्याशिवाय काही नव्हतं. मागं कुणाचं पोर रडलं की ऊर ठणकून उठायचा. रंगूबाईंनी बाटली नीट उकळली असेल ना? तो कुणाला शोधत असेल?

“काय गं, पाणी सांडलंस?” सासू शालूबाईंनी विचारलं.

“नाही, आत्याबाई.”

“मग पदर घामानं भिजला व्हय? जा, त्या बाभळीमागं जाऊन पिळून ये. ताप भरंल.”

बाभळीपलीकडे दुष्काळी काम चाललं होतं. खडीचे ढीग होते, बाया भाकरीला बसल्या होत्या. इंदुमतीनं पाठ फिरवून दूध मातीत पिळलं. माती ते लगोलग पिऊन टाकत होती. वळली तर एक बाई बसलेली. तिची नजर इंदुमतीवर नव्हती, त्या ओल्या मातीवर होती. मांडीवर फडक्यात पोरगी. रडत नव्हती, नुसती कण्हत होती.

“किती महिन्यांची?”

“तीन.”

महिन्याचीही वाटत नव्हती. “पाजत नाही?”

“काय पाजू, बाई? सरकारी सुकडी खाऊन खडी फोडतुया. आटलं समदं.”

तिचं नाव हरणाबाई. इंदुमती नुसती उभी राहिली. पोरीच्या तोंडात पांढरं आलं होतं. ते आपल्याला लागलं, आपल्याकडून बाळाला लागलं तर?

“इंदे, कावड पुढं गेली की!” म्हणत शालूबाई आल्या आणि बघून थांबल्या. पोरीवर वाकून म्हणाल्या, “बगतीस काय? तुज्या ल्योकाचं नाव लिवलंय व्हय त्येच्यावर? घे तिला.”

“आवं, आमी धनगराची हाय,” हरणाबाई चाचरली.

“पोरगी इचारतीया व्हय जात?”

पोरीच्या ओठांत आधी जोरच नव्हता. इंदुमतीनं थेंब थेंब जिभेवर सोडला. मग एकाएकी तिनं असं धरलं, की इंदुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. हरणाबाईनं तोंड फिरवलं. तिला ते बघवेना, आणि उठूनही जाववेना.

“नाव काय हिचं?”

“ठिवलं न्हाई. पाऊस पडल्यावर बारसं करायचं.”

मुकादमानं हाळी दिली. हरणाबाईनं झोपलेली पोर उचलली, तशी इंदुमती घाईनं म्हणाली, “उद्या ह्याच वाटेनं येते मी. इथंच बसा.”

“व्हय,” हरणाबाई म्हणाली.

सांजेला शिखराच्या पायऱ्या चढताना पुन्हा पान्हा दाटला. दिवसभर घरच्या लेकरासाठी तळमळणाऱ्या इंदुमतीच्या डोळ्यांपुढे त्या घडीला ते नव्हतं. ते फडकं होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सासूच्या पुढं पळत ती बाभळीपाशी पोचली. खडी होती, बाया नव्हत्या. “काम हललं कुठंतरी,” एक गुराखी म्हणाला. कुठं, ते त्याला माहीत नव्हतं.

दोन वर्षं झाली. घरचं पोर अंगणभर पळतं. तरी शिखराला कुणी निघालं की इंदुमती त्याला फाटकापाशी गाठते, आणि तुम्ही निघणार असाल तर तुम्हालाही हेच सांगेल: दहिवडी सोडली की वाटेतल्या वस्त्यांवर हरणाबाई विचारा. मेंढरांमागं गेली असेल तर थोडं थांबा. काही देऊ नका, माझं नाव सांगू नका. तिची दोन वर्षांची पोरगी आहे का, तेवढं लांबून बघून या.