छपरावरचं कबूतर

ओडिलोननं तिसऱ्यांदा दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून हूं की चूं नाही. जेवायला बोलावून माणसं गेली कुठे? वैतागून तो वळसा घालून परसात गेला.

मेहुणा कामील खुर्चीवर पुतळ्यासारखा बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात बहीण गोदेलीव्ह सुपाचं पातेलं हातात धरून जागच्या जागी उभी.

"अरे, बहिरे झालात का—"

कामीलनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच छपराकडे खुणावलं. तिथे एक कबूतर पिसं साफ करत बसलं होतं.

"शर्यतीतलं आहे, फ्रान्समधल्या ऑर्लेआँहून आलंय," तो कुजबुजला. "खुराड्यात शिरलं, की पायातलं कडं काढून वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात टाकायचं. तोवर शर्यतीत नोंद नाही. जरा खुट्ट झालं, की भुर्र!"

"किती वेळ झाला?"

"तास होत आला."

"मी तीनदा दार वाजवलं."

"ऐकलं की. कबूतर छपरावर असताना कबूतरवाला बायको मेली तरी ओ देत नाही."

गोदेलीव्हनं डोळे वटारले. ओडिलोनला हसू आलं आणि ते तिथेच थिजलं. तो पालथ्या बादलीवर मटकन बसला. गेंट शहराच्या पोलिसात तीस वर्षं काढली, पण शर्यतीच्या रविवारी असा कुणाच्या परसात तो कधी बसला नव्हता.

सात वर्षांपूर्वी, अशाच शर्यतीच्या रविवारी, रेमी लोटेन्स या कबूतरवाल्याच्या शेजारच्या म्हातारीचा साडेतीनला खून झाला. त्याच वेळी एका विमा एजंटानं रेमीचं दार ठोठावलं होतं. कुणी ओ दिली नाही. गावातल्या सगळ्यांच्या कबुतरांची नोंद तीनपर्यंत झालेली, रेमीच्या कबुतराची सव्वाचारला. म्हणजे मधल्या वेळात रेमी घरी नव्हता. ओडिलोननं दोन गोष्टी जोडल्या, रेमीला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि ओडिलोनला बढती मिळाली.

इतक्यात कबूतर खुराड्यात शिरलं. कामील धावला. घड्याळाचा खटका वाजला.

"गेलं बक्षीस! मेल्यानं ऊन खात बसून घात केला," म्हणत तो कबूतर घेऊन परतला. "अरे, तू असा पांढराफटक का पडलास?"

ओडिलोननं सगळं सांगितलं. कामील कबूतर छातीशी धरून ऐकत राहिला.

"अरे देवा! कोर्टात कुणालाच कळलं नाही हे?"

"एजंट शहरातला. वकील शहरातला. मीही."

"पण रेमी? तो काहीच बोलला नाही?"

ओडिलोननं टोपी काढली. ती बादलीशेजारी जमिनीवर ठेवली.

"पहिल्याच दिवशी बोलला होता. कबूतर छपरावर होतं, म्हणून ओ दिली नाही म्हणे."

"मग?"

"सगळी चौकी पोट धरून हसली. मी शिपायाला म्हटलं, जा, त्या कबुतराला साक्षीला घेऊन ये."

कामीलला हसू आलं नाही. गोदेलीव्हनं सूप पुन्हा चुलीवर ठेवलं आणि बाहेर येऊन भावाची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. "जा, आधी रेमीचं बघ. जेवण नंतर."