पाणी उकळून प्या

शहराच्या पाणीखात्यात जनसंपर्काचं काम ती एकटी बघायची. काम म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि खात्याच्या सोशल मीडियावरच्या पानाचा पासवर्ड. कुठे दुरुस्तीसाठी पाणी बंद, कुठल्या टाकीचं उद्घाटन कुणाच्या हस्ते, असलं काहीबाही ती तिथे टाकायची. लाइक पडायचे ते खात्यातल्याच लोकांचे. खाली कोणी काही विचारलंच, तर उत्तर द्यायला वरून परवानगी लागायची, आणि ती मिळेपर्यंत विचारणाऱ्याचा नळ कधीच सुरू झालेला असायचा. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणायचे. घरी ती ताई.

त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाई जिना चढून स्वतः तिच्या दारात आल्या. बाई एरवी फोनवर दोन वाक्यांत काम उरकायच्या. पूर्वेकडच्या मोठ्या टाकीतून आदल्या दिवशी जो नमुना घेतला होता, त्यात जंतू निघाले होते, सांडपाण्यात सापडतात तसले. पाण्यात क्लोरीन सोडणारा पंप मध्येच बंद पडला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता पंप चालू केला होता, पण तोवर ते पाणी निम्म्या शहराच्या घराघरांत पोहोचलं होतं.

मुख्य अभियंत्यांनी, म्हणजे साहेबांनी, लगेच सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. दुसरा नमुना घेतला होता, त्याचा निकाल उद्या सकाळी येणार होता. तोवर बाहेर चकार शब्द जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं. साहेब काही निगरगट्ट माणूस नव्हते. मागे एकदा अशीच सूचना घाईने दिली होती, तेव्हा टँकरपाशी झुंबड उडाली आणि एक म्हातारे गृहस्थ चेंगरून गेले. दुसऱ्या दिवशी निकाल स्वच्छ आला. त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आले होते ते साहेबच. केबिनमधल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. तिनेही नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मात्र ती थांबली. तिची धाकटी बहीण त्याच टाकीच्या पाण्यावर राहायची. बहिणीचं बाळ अजून मानही धरत नव्हतं, आणि दूध पावडरचं, बाटलीतून. भिंतीकडे तोंड करून तिने फोनवर भराभर लिहिलं, 'पाणी उकळून घे. बाळाच्या बाटलीला तर नक्कीच. कोणाला सांगू नकोस.' बहिणीने विचारलं, 'का गं? काय झालंय?' तिने 'नंतर सांगते' एवढंच लिहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

खोलीत येऊन बसली, पण बसवेना. खिडकी उघडली, लावली. पेला भरून घेतला आणि तसाच ठेवला, जरी ऑफिसचं पाणी दुसऱ्याच टाकीचं होतं. बाळाची काळजी मिटली होती. मग ही कसली हुरहुर, ते तिचं तिलाच सांगता येईना.

बहीण तशी तोंडाची पक्की. पण तिच्या समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण पोटुशी होती. तिला काही न सांगता आपण आपलं पाणी उकळत बसायचं, हे बहिणीला जमेना. तिने त्या निरोपाचा स्क्रीनशॉट काढून फक्त तिला पाठवला. मैत्रिणीने तो फक्त बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. बिल्डिंगमधल्या कोणी तो फक्त शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. आणि स्क्रीनशॉटच्या डोक्यावर, बहिणीने फोनमध्ये जे नाव ठेवलं होतं, ते ठसठशीत दिसत होतं: 'ताई पाणीवाली'.

जेवणाच्या सुट्टीआधीच तो स्क्रीनशॉट फिरून तिच्याच फोनवर परत आला. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने विचारलं होतं, 'हे खरं का गं? तू तिथेच आहेस ना?' स्वतःचेच शब्द दुसऱ्याच कुणाकडून आलेले बघून तिचे कान तापले. तिने बहिणीला फोन लावला.

“कोणाला पाठवलंस तू?”

“एकीलाच. दिवस भरत आलेत तिचे, ताई. तिच्यापासून कसं लपवू?”

“मी तुला सांगितलं होतं ना, कोणाला सांगू नकोस म्हणून.”

“मग तू तरी मला का सांगितलंस?” बहीण म्हणाली, आणि पलीकडे बाळ रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर सगळं हाताबाहेर गेलं. कुणा गंभीर आवाजाच्या माणसाची क्लिप फिरायला लागली की कारखान्याने पाण्यात विष सोडलंय. क्लिपमागून मेलेल्या माशांचा फोटो आला. ते तळं या शहरातलंच नव्हतं, पण बघतो कोण? दुकानांतल्या बाटल्या संपल्या. ऑफिसचे सगळे फोन एकाच वेळी खणाणायला लागले. साहेबांचा निरोप आला की पानावर एवढंच टाका, अफवांवर विश्वास ठेवू नका. ते वाक्य तिने लिहिलं. वाचलं. विष ही अफवा होती, पण पाणी उकळा ही नव्हती. तिने ते खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

पानावरची शेवटची पोस्ट एका प्रशिक्षणाची होती. रांगेत उभे राहून हसणारे अधिकारी, आणि त्यांच्याखाली आता शेकडो लोक ओरडत होते. ती खाली खाली सरकवत गेली. शिव्या, प्रश्न, हात जोडलेली चित्रं. आणि मध्येच एका बाईने लिहिलेलं:

'ग्रुपवर आलंय की ब्लीच टाकलं की पाण्यातलं विष मरतं. माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. बाटलीत किती टाकू? कोणी सांगेल का?'

त्याखाली कोणीतरी उत्तर दिलं होतं, 'एक झाकण.' आणखी कोणी लिहिलं होतं, 'आम्ही टाकलंय, वास येतो पण चालतं.'

तिने साहेबांच्या केबिनला फोन लावला. बिझी. ती जिन्याने वर धावली. दाराशी बसलेल्या सहायकाने सांगितलं की आत वरच्या लोकांबरोबर मीटिंग चालू आहे, कोणालाही सोडायचं नाही. ‘दोन मिनिटं’ म्हणून तिने विनवलं, त्याने मान हलवली. ती परत जिन्यात आली. हातातला फोन पुन्हा उघडला. त्या बाईने खाली लिहिलं होतं, 'बरं, टाकते.'

तिथेच, जिन्याच्या पायरीवर उभ्या उभ्या, तिने खात्याच्या नावाने उत्तर लिहिलं. 'टाकू नका. बाळाच्या पोटात ब्लीचचा थेंबही जायला नको. टाकलं असेल तर बाटली ओतून द्या, धुऊन घ्या. पाणी खळखळ उकळा, निवू द्या, मग दूध करा. वाचलंत की मला कळवा. मी इथेच आहे.'

उत्तर आलं नाही. ती पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहिली. दोन पायऱ्या चढायची, दोन उतरायची. एका बाईला लिहिलं म्हणजे सगळ्यांना लिहिल्यासारखंच होतं, हे तिला कळत होतं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. ती तडक प्रयोगशाळेत गेली आणि केमिस्ट बाईंना विचारलं, नक्की काय ठाऊक आहे आणि काय नाही, तेवढंच सांगा. दोघींनी मिळून सूचना लिहिली. बाईंनी एक शब्द बदलला, एक वाक्य कापलं.

“खाली माझं नाव घाला,” बाई म्हणाल्या. “नुसतं ‘खातं’ लिहिलं की लोकांना वाटतं भिंत बोलतेय.”

सूचना साधी होती. पूर्वेकडच्या टाकीच्या पाण्यात कालच्या तपासणीत जंतू सापडलेत, विष नाही. प्यायचं पाणी उकळून प्या, आंघोळीला आणि कपड्यांना चालेल. पाण्यात ब्लीच किंवा दुसरं काहीही घालू नका. माशांचा फोटो इथला नाही. दुसरी तपासणी चालू आहे, निकाल चांगला येवो की वाईट, उद्या सकाळी इथेच सांगू. तोवर दर तासाला इथे लिहू, नवीन काही नसलं तर ‘नवीन काही नाही’ असं लिहू. खाली दोन नावं, केमिस्ट बाईंचं आणि तिचं.

मग उत्तरं देणं सुरू झालं. फिल्टरचं पाणी चालेल का? उकळूनच प्या. भाज्या धुवायला? उकळून गार केलेलं घ्या. कुत्र्याला? त्यालाही तेच द्या. जे येत नव्हतं ते ती बाईंना विचारायची, आणि बाईंनाही ठाऊक नसलं तर ‘माहीत नाही, विचारून सांगते’ असं लिहायची. त्या पानावर आजवर ‘माहीत नाही’ हे शब्द कधी उमटले नव्हते. तिचा एक डोळा मात्र त्या एका कमेंटवर होता.

शेवटी तिचं उत्तर आलं. 'ओतून दिलं. अजून पाजलं नव्हतं.'

ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर मटकन बसली. पण श्वास धड सोडतेय न सोडतेय, तोच सूचनेखाली कुणीतरी तो स्क्रीनशॉट चिकटवला. वर लिहिलं होतं, 'ही ताई पाणीवाली तुमच्याच ऑफिसातली ना? हिच्या बहिणीला सकाळी कळलं. माझ्या पोरांनी दुपारपर्यंत तेच पाणी प्यायलं.'

कमेंट पुसून टाकायचं बटण तिच्या हातात होतं. एका बोटाचं काम. बोट तिथवर गेलंही.

तेवढ्यात साहेब आत आले. त्यांना वरच्या मजल्यावर कोणीतरी सूचना दाखवली होती. चेहरा उतरलेला होता. कोणाच्या परवानगीने हे टाकलं, असं त्यांनी विचारलं. कोणाच्याच नाही, असं तिने सांगितलं, आणि ब्लीचबद्दल विचारणाऱ्या बाईबरोबरची प्रश्नोत्तरं उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग अंगठा पुढे सरकला आणि तो स्क्रीनशॉट दिसला.

“ही कोण?”

“मीच.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “हे पुसून टाका, मॅडम. निदान हे तरी. नोकरी जाईल तुमची.”

“पुसलं तर बाकीचं कोण खरं मानेल, साहेब?”

तिने फोन परत घेतला आणि त्या माणसाला उत्तर लिहिलं. 'हो, ती मीच. जे माझ्या बहिणीला सांगितलं ते त्याच क्षणी तुम्हालाही सांगायला हवं होतं. चुकलं माझं. मुलांना उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.' पाठवताना तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. चष्मा काढून ते तो उगाच पुसत राहिले, मग म्हणाले, “दर तासाला लिहायचं कबूल केलंय ना तुम्ही? तास होत आलाय.”

दुसऱ्या दिवशी दुसराही निकाल वाईटच आला. शहराला तो आधी पानावर कळला, मग बातम्यांत. बऱ्याच जणांची पोटं बिघडली, काही जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, पण कोणी दगावलं नाही. टाकी धुतली, पाणी शुद्ध झालं, लोक विसरले. टँकरपाशी झुंबड झाली नाही, ती सूचनेमुळे की नशिबाने, हे कोणालाच सांगता आलं नाही.

तिच्यावर चौकशी समिती बसली. समितीपुढे अडचण वेगळीच होती. परवानगी न घेता सगळ्यांना सांगितलं हा मोठा गुन्हा, की गुपचूप एकीलाच सांगितलं हा, यावर त्यांचं एकमत होईना. साहेबांना बोलावलं, तेव्हा ते म्हणाले की पानावर जे लिहिलं ते मीच लिहायला हवं होतं, बहिणीला जे लिहिलं त्याबद्दल मी बोलणार नाही. शेवटी तिला ताकीद मिळाली आणि मीटरच्या तक्रारींच्या विभागात बदली झाली. तिथे सोशल मीडिया नव्हता, होते ते खिडकीपलीकडून थेट तोंडावर भांडणारे लोक. सुरुवातीला तिला उगाच वाटायचं की पर्समध्ये फोन थरथरतोय. काढून बघावं तर काही नसायचं.

बहीण मात्र बोलेनाशी झाली. तिचा राग वाजवी होता. ताईने जगासमोर कबुली दिली आणि मोकळी झाली, पण बिल्डिंगमध्ये रोज ये-जा बहिणीला करायची होती. ‘आम्ही काय परके होतो का?’ असं जिन्यात तोंडावर विचारणाऱ्या बायका होत्या. ती ग्रुपमधून बाहेर पडली. ताईचे फोन वाजून वाजून बंद होत. ताई रोज एक ओळ लिहायची, बाळ कसंय, आणि उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची.

एका रविवारी दाराची बेल वाजली. बहीण उभी होती, कडेवर बाळ, आता मान छान सावरणारं. ती आत आली, बसली, बाळाला ताईच्या मांडीवर दिलं. मग एकदम म्हणाली,

“पुन्हा असं काही झालं, तर मला आधी सांगशील?”

ताईने बाळाचे पाय हातात धरले होते. खोटं बोलणं सोपं होतं, पण बहिणीला ते हवं होतं असंही नाही.

“नाही. सगळ्यांबरोबरच कळेल तुला.”

बहिणीने ओठ आवळले. रडतेय की काय, असं ताईला वाटलं. पण तिने पर्समधून फोन काढला आणि काहीतरी शोधत बसली.

“काय करतेस?”

“तुमच्या खात्याचं पान फॉलो करतेय.”

“म्हणजे आजवर करत नव्हतीस?”

“पाणीखात्याला कोण फॉलो करतं गं, ताई?” बहीण म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली.