शेऱ्यासह पास

गुणवंतराव पोह्यांची बशी घेऊन वर आले, तेव्हा त्यांची लेक दीप्ती एका माणसाकडे पाहत डोक्याला हात लावून बसली होती. माणूस लॅपटॉपमध्ये होता, अमेरिकेतला होता, आणि दीप्तीने त्याला गेल्या दहा मिनिटांत अठरा वेळा एकाच जागी पाडला होता. तो पडायचा, दीप्ती कळ दाबायची, तो उलटा उठून मागे पळत जायचा आणि पुन्हा पुढे येऊन तिथेच पडायचा.

"अगं, त्याला जरा पाणी तरी पिऊ दे," गुणवंतराव म्हणाले.

"बाबा, प्लीज. सहापर्यंत रिपोर्ट द्यायचा आहे."

दीप्तीची नोकरी नेमकी काय आहे, हे जबलपूरच्या सगळ्या चेरीताल मोहल्ल्यात कुणाला नीट सांगता येत नसे. शेजारणींनी विचारलं, की तिची आई वसुधाताई "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे, घरूनच असते" एवढं सांगून मोकळ्या होत. खरी गोष्ट अशी. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर आदळायचं, असा तो कारभार. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी तिथले मोठे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या होतात, आणि त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोणतं पोरगं कितपत पाण्यात आहे, हे आधी सांगणाऱ्या कंपन्या असतात. अशाच एका कंपनीसाठी दीप्ती दोन वर्षं सामन्यांच्या चित्रफिती कापून, नावं लावून, खणाखणांत ठेवत होती. यंदा पहिल्यांदा एक खेळाडू तिच्या स्वतःच्या नावाने जोखायला मिळाला होता. अहवाल पटला, तर पुढल्या वर्षापासून ती पारखी. नाही पटला, तर परत कात्री.

आणि मिळाला होता तो असा.

"उंची किती याची?" गुणवंतरावांनी खुर्ची ओढली.

"पाच फूट साडेसात इंच."

"मग माझ्यापेक्षा दोन इंच जास्तच आहे की."

"बाबा, तुम्हाला एकशेवीस किलोच्या माणसाची धडक खायची आहे का?"

"खातो ना. दर महिन्याला, बँकेच्या लाइनीत."

दीप्ती हसली नाही. तेव्हा गुणवंतरावांनी ओळखलं, की मामला गंभीर आहे. पोराचं नाव कोल्बी रेन्स. मैदानात मधोमध धिप्पाड माणसांची भिंत असते आणि दूर कडेला एक लांब टांगांचा धावपटू उभा असतो. या दोघांमध्ये जी फट राहते, तिला स्लॉट म्हणतात. कोल्बी त्या फटीत उभा राहायचा आणि चेंडू झेलायचा. त्याच्या आजूबाजूला जे उभे होते, त्यांच्या एकेका दंडात कोल्बीची कंबर मावली असती.

"तुमच्या कंपनीचं माप काय आहे?"

"पाच-नऊ. त्याखाली असला, की 'ड्राफ्टबाहेर' लिहून मोकळं व्हायचं. शैलेंद्र सरांनी साफ सांगितलं आहे." शैलेंद्र सर म्हणजे इंदुरात बसणारे तिचे टीम लीडर.

"मग लाव लाल ठिपका. काहून डोकं धरून राहिली?"

हे गुणवंतरावांच्या तोंडी शोभणारं होतं. छत्तीस वर्षं ते फॅक्टरीत गेज घेऊन बसले होते. समोर सुटे भाग यायचे, ते गेजच्या भोकातून घालायचे. बसला तर पास. नाही बसला तर लाल ठिपका आणि बाजूच्या पेटीत. कोणी कितीही गयावया केली, साहेबाचा फोन आला, तरी ठिपका पुसला म्हणून नाही.

"कारण मला तो आवडून राहिला आहे," दीप्ती म्हणाली. "आणि काहून आवडून राहिला, ते सांगता येत नाही. सर म्हणतात, दीप्ती, पसंद-नापसंद घर पे रखो, सबूत लाओ. सबूत कुठे आहे? पळतो बरा, पण त्याच्याहून जोरात पळणारे चाळीस आहेत. उडी साधारण. ताकद तर विचारूच नका. पण पाहताना वाटतं, की... काहीतरी आहे."

इतक्यात वसुधाताई कूलरला पाणी घालायला आल्या. बादली खाली ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अगं बाई! हा कोण वामन शिरला राक्षसांत?"

झालं. त्या घरात कोल्बी रेन्सचं नाव तिथून पुढे वामन पडलं.

खाली जाऊन पेपर वाचावा, असं गुणवंतरावांच्या मनात होतं, पण कूलर वर होता आणि बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. ते तिथेच खुर्चीत रेलले. कान मात्र देवळाकडे लागलेले. येत्या अक्षय तृतीयेला रामकृष्णबुवांचं कीर्तन होतं, आणि पेटीवर नेहमीप्रमाणे गुणवंतरावच बसायचे होते. फॅक्टरीची नोकरी त्यांनी पोटासाठी केली. जीव लावला तो कीर्तनाला. बुवांच्या चिपळ्या वाजल्या, की त्यांचा गुडघा आपोआप लय धरी, मग ते देवळात असोत की दंतवैद्याच्या खुर्चीत.

दीप्ती आवाज बंद करून एकामागून एक डाव पाहत होती. गुणवंतराव डोळे अर्धे मिटून बघत होते, आणि बोटं मांडीवर नकळत चालू होती. चेंडू मागे आला. वामनाची पावलं पडली, एक, दोन, तीन. झप्‌कन वळला. झेल. पुन्हा. एक, दोन, तीन. झेल.

सातव्या की आठव्या डावाला त्यांची बोटं थांबली.

"थांब. मागे घे. तो फेकणारा आहे ना, त्याला काय म्हणतात?"

"क्वार्टरबॅक."

"तो कोणाकडे पाहून फेकून राहिला?"

दीप्तीने चित्र थांबवलं. चेंडू हातातून सुटला होता. वामनाची पाठ अजून चेंडूकडेच होती. चेंडू जिथे निघाला होता, तिथे नुसतं गवत होतं.

"कोणाकडेच नाही," ती म्हणाली. "तिथे कोणी नाही."

"मग फेकला काहून?"

"कारण वामन तिथे पोहोचणार, हे त्याला आधीच..." दीप्तीने कळ दाबली. वामन वळला आणि चेंडू त्याच्या हातात पडला.

गुणवंतराव खुर्चीच्या टोकाला आले. "हे बघ. आपले रामकृष्णबुवा निरूपण करता करता मधूनच पद उचलतात. आधी सांगत नाहीत, बरं का. नुसता उजवा पाय किंचित मागे घेतात आणि उपरण्याचं टोक खांद्यावर टाकतात. बस. माझी बोटं सुरावर गेलेली असतात, बुवांनी तोंड उघडायच्या आधी. सगळ्याच बुवांसाठी जातात, असं समजू नको. मागच्या साली ते एक बुवा आले होते, भरजरी फेटा, आवाज हा एवढा..."

"ज्यांनी माइक फोडला होता?"

"तेच. त्यांच्यासाठी मी दोन तास बोटं हवेत धरून बसलो होतो. न जाणो, कुठल्या पट्टीत घुसतील! लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! लोक बुवांच्या फेट्याकडे पाहतात, दीप्ती. बुवा कसे आहेत, ते पेटीवाल्याच्या बोटांत कळतं. तू सकाळपासून या वामनाकडेच पाहून राहिली आहेस. त्याच्या पेटीवाल्याकडे पाहा."

दीप्तीने चष्मा पुसला आणि कोरा कागद ओढला.

या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तिसरा प्रयत्न फसला, की बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांच्या हवाली करावा लागतो, म्हणून खरी घालमेल तिसऱ्यालाच. दीप्तीने फक्त तिसरे प्रयत्न बाजूला काढले. वामन वळण्याआधी चेंडू सुटला, की गुणवंतराव "आधी" म्हणत, नाहीतर "मग", आणि ती रेघा ओढत गेली. पोहे गार झाले. जेवणाला दोनदा हाक आली, तिसऱ्या वेळी वसुधाताई ताटं वरच घेऊन आल्या आणि "अहो, कोणाचं काय आधी?" असं विचारत स्वतःही बसल्या.

साडेतीनला हिशेब लागला. वामनाकडे फेकलेले एक्केचाळीस चेंडू. त्यातले एकोणतीस तो वळण्याआधीच हातातून सुटलेले. त्याच संघात कडेला सव्वासहा फुटांचा एक गडी होता. तो पहिल्या फेरीत जाणार, म्हणून सगळी अमेरिका त्याच्यावर लट्टू. त्याच्याकडे अडतीस चेंडू, आणि आधी सुटलेले नऊ. उरलेल्या वेळी क्वार्टरबॅक थांबून, बघून, खात्री करून फेकत होता.

"बोटं हवेत," वसुधाताई म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

दीप्ती उड्या मारायचीच बाकी होती. पण पुढे जे दिसलं, त्याने तिचा चेहरा पडला. चार डाव असे होते, की सुरुवातीलाच समोरच्याने वामनाच्या छातीवर दोन्ही हात देऊन त्याला रोखून धरलं. एक, दोन, आणि तिसरं पाऊल पडलंच नाही. क्वार्टरबॅकने मात्र सवयीने चेंडू सोडला. मोकळ्या गवतावर. त्यातले दोन समोरच्यांनी अलगद उचलले.

"संपलं," ती म्हणाली. "मोठ्या लीगमध्ये प्रत्येक जण हेच करेल. हे चार डाव सरांना दिसले, तर माझे एकोणतीस गेले पाण्यात."

"मग दाखवूच नको," वसुधाताई म्हणाल्या. "गरीब बिचारा वामन."

"अहं." गुणवंतराव एकदम ताठ झाले. आवाजात छत्तीस वर्षांची फॅक्टरी आली. "दोष लपवून पास केलेला माल कधी ना कधी कोणाच्या तरी हातात फुटतो. दीप्ती, तुला लाल ठिपक्याचं सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. एखादा भाग गेजमध्ये नाही बसला, पण काम चोख करून राहिला, तर आमच्याकडे एक कागद असायचा. डेव्हिएशन म्हणायचे त्याला. माप किती कमी आहे, ते लिहायचं. कुठे वापरायचा आणि कुठे अजिबात नाही, तेही लिहायचं. खाली सही. पास, पण शेऱ्यासह. छत्तीस वर्षांत मी तसे अकरा कागद केले."

"आणि ते अकरा?"

"एकही परत नाही आला. शेराच तसा लिहिला होता ना!"

दीप्ती लिहायला बसली. उंची पाच फूट साडेसात, मापाला दीड इंच कमी, हे तिने पहिल्याच ओळीत टाकलं. एकोणतीस लिहिले आणि चारही लिहिले, मिनिटांसकट. कडेला उभा करू नये. समोर कोणी छातीला छाती लावून उभा असेल, तर याला दोन पावलं मागून सोडावा किंवा आधीच चालता ठेवावा. आणि शेवटी एक ओळ: याला पाहू नका, याच्या क्वार्टरबॅकचा हात पाहा. फेरी, पाचवी. खाली नाव, दीप्ती गुणवंत देशकर, जबलपूर. सहाला सात मिनिटं असताना तिने अहवाल पाठवला.

सव्वासहाला फोन वाजला. दीप्तीने स्पीकर लावला. वसुधाताईंनी गॅस बंद केला.

"दीप्ती, पाच-सात वाला और पाँचवा राउंड?" शैलेंद्र सरांचा आवाज. "बाकी सगळ्यांनी त्याला बाहेर ठेवला आहे."

"सर, माप कमी आहे, ते लिहिलंय."

"वाचलं. ते चार डावही वाचले. सच बताऊँ, ते चार नसते, तर मी फाइल परत पाठवली असती." मग त्यांनी विचारलं, "ये क्वार्टरबॅक के हाथ वाला आयडिया कहाँ से आया?"

दीप्तीने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहत असल्यासारखे उभे होते.

"घरीच होता, सर."

"अच्छा. चलो, जाऊ देतो तुझ्या नावाने. पण तो निवडलाच नाही गेला, तर पुढच्या सालीही कापाकापीच. ठीक?"

"ठीक."

ड्राफ्ट तीन दिवस चालला. सव्वासहा फुटी गडी पहिल्याच दिवशी गेला आणि त्याच्या आईने टीव्हीवर आनंदाने हंबरडा फोडला. शेवटच्या चार फेऱ्या आपल्याकडच्या शनिवारच्या रात्री होत्या. गुणवंतरावांनी फर्मान काढलं, की जागरण करून वामनाला पावलं वाढणार नाहीत, सगळ्यांनी झोपा. रविवारी सकाळी ते पूजेला बसले होते. घंटा हातात होती, तोच जिन्यावर धडधड झाली. दीप्ती तशीच पिंजारलेल्या केसांनी दारात.

"बाबा, गेला!"

"कुठे गेला?"

"सहाव्या फेरीत! घेतला त्याला!"

"सहाव्या?" गुणवंतरावांनी घंटा खाली ठेवली. "आपण पाचवी लिहिली होती ना? बघून राहिले काय ते लोक?"

"अहो, घेतला ना!" वसुधाताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर दीप्तीच्या तोंडात कोंबली. साखर खातखातच तिने सरांचा मेसेज वाचून दाखवला. "एक राउंड की गलती. कोई बात नहीं. अगले साल दस खिलाड़ी." आणि त्याखाली, "पिताजी को प्रणाम."

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं. दीप्ती एरवी मागे खांबाला टेकून फोन चाळत बसायची. त्या दिवशी ती पुढे येऊन बसली, तीही बुवांसमोर नाही, बाजूला, जिथून पेटी दिसते तिथे. रामकृष्णबुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. पोह्यांची पुरचुंडी द्वारकेच्या दाराशी पोहोचली. बुवांनी उजवा पाय किंचित मागे घेतला, उपरणं खांद्यावर टाकलं, आणि पेटी आधीच बोलत होती. गुणवंतरावांनी सहज मान वर केली. लेक मांडीवर वही ठेवून रेघ ओढत होती.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला. चपला शोधताना दीप्ती म्हणाली, "बाबा, एकवीस वेळा आधी. एकदा उशिरा."

"उशिरा? मी? कधी?"

"ते काका मधेच बुक्का लावायला तुमच्या कपाळाशी आले तेव्हा."

गुणवंतरावांनी एका पायात चप्पल सरकवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "शेरा लिही. वाजवत असताना समोरून कोणी अंगावर येऊ नये."