अर्धं बंदर

आईसमोर कुणी नुसतं ‘निळा’ म्हटलं की तिचं डोकं फिरतं. ती कपडे अल्टर करायची. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीभर रिळांची फळी. गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘निळा दोरा लावा,’’ की ती चष्म्यावरून बघायची. ‘‘निळा म्हणजे कुठला? आकाशी, मोरपंखी, शाईचा, का धुऊन धुऊन विटलेला?’’ गिऱ्हाईक गडबडायचं. बिचारं पँट आखूड करायला आलेलं असायचं.

अशी ही बाई व्हिडिओ गेम खेळते म्हटलं की लोकांना वाटतं, मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत असेल. तसं नाही. बाबा गेल्यानंतर घर खायला उठायचं, तेव्हा माझं कपाटावर पडलेलं गेमचं जुनं मशीन तिनं खाली काढलं आणि टीव्हीला जोडून घेतलं. त्यात ‘शेवटचं बंदर’ नावाचा गेम होता. हातात कंदील घेऊन बेटाबेटांवर वाट शोधत हिंडायचं, मारामारी नाही, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक दार. दार उघडलं की पुढचं सगळं दिसतं. पहिला भाग तिनं एकटीनं संपवला. दुसऱ्या भागात इतरांबरोबर खेळायची सोय होती आणि तिथं तिला टोळी भेटली.

टोळी म्हणजे चार-पाच टाळकी. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक बेकरीवाला आणि दोन जुळ्या बहिणी, दोघी नर्स. आई त्यांची सुईकाकू. आधी नुसते स्पीकरमधून आवाज यायचे, मग एकदा सगळे घरी येऊन खुर्च्या मोडून गेले. लिफ्टवाला त्यांचा म्होरक्या. लोकांना वर-खाली करणं हा त्याचा धंदाच, त्यामुळे टोळीतही तेच करायचा. पण आईवर जीव होता त्याचा. ‘काकू, पूल ढासळतोय, माझ्या मागून या,’ असं म्हणून तो कंदील धरून थांबायचा.

त्यांचा एक कायदा होता. शेवटचं दार सगळे आल्याशिवाय उघडायचं नाही. तिसऱ्या भागात बेकरीवाला तापानं आडवा झाला, तर बाकीचे अख्खा आठवडा दाराशी उभे राहून गप्पा मारत बसले. आई टीव्हीसमोर बाह्या उसवत बसायची आणि मधूनच बटण दाबून कंदील हलवायची, झोप लागली नाहीये हे कळावं म्हणून. मला तेव्हा हसू यायचं. आता ते आठवलं की हसू येत नाही.

मग चौथ्या भागाची घोषणा झाली. कंपनीनं एका गेमचे दोन केले. एक ‘किनारा’, एक ‘डोंगर’. किनाऱ्यात समुद्राकडची वाट, डोंगरात बर्फाकडची, आणि शेवटच्या दाराला दोन कड्या. एक कडी किनारावाल्यानं ओढायची, दुसरी डोंगरवाल्यानं. म्हणजे एकच गोष्ट दोनदा विकायची आणि वर म्हणायचं, आम्ही माणसं जोडतो!

जगभरच्या खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली. आमच्या बैठकीच्या खोलीतला स्पीकर तर त्या शनिवारी दुपारी फुटायचाच बाकी होता.

‘‘आज गेम अर्धा केला,’’ लिफ्टवाला ओरडत होता, ‘‘उद्या दार विकतील आणि कडी वेगळी विकतील. मी लिफ्ट अशी विकली तर? वर जायची एक, खाली यायची एक!’’

‘‘मी पाव वेगळा आणि त्याचा कडक भाग वेगळा विकतो,’’ बेकरीवाला म्हणाला.

‘‘चेष्टा नाही. कोणीही घ्यायचा नाही. पूर्ण देतील तेव्हाच घ्यायचा. अर्धं नको. सगळ्यांना कबूल?’’

जुळ्या एका सुरात हो म्हणाल्या. बेकरीवाला हो म्हणाला.

‘‘काकू?’’

‘‘तुमचं म्हणणं बरोबर आहे,’’ आई म्हणाली. त्याला ते हो वाटलं. मला माहीत होतं की ते हो नव्हतं.

कारण त्याच आठवड्यात मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. सुईत दोरा जाईना म्हणून ती दिव्याला दोष देत होती, मग सुईला, मग दोऱ्याला. डॉक्टर बाई चांगली होती, तिनं कागदावर गोल काढून समजावलं. नजरेच्या मधोमध डाग धरतोय. तो वाढणार. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. वेग कमी करता येईल, थांबवता येणार नाही. आईनं एकच विचारलं, ‘‘रंग?’’ डॉक्टर म्हणाली, ‘‘रंगही फिके होत जातील.’’ रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, ‘‘घरी दूध आहे का गं?’’

‘‘टोळीला सांग ना,’’ मी म्हटलं.

‘‘अजिबात नाही. तूही सांगायचं नाहीस. शपथ घे.’’

‘‘अगं, पण का?’’

‘‘कीव करतील. मला दारापर्यंत सोबत हवी, उचलून नेणारे नकोत.’’

हट्टात आमच्या घराण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी शपथ घेतली. घ्यायला नको होती.

गेम बाजारात आला त्याच दिवशी आईनं ‘किनारा’ आणायला मला पाठवलं. लपवून खेळणं तिला जमणारं नव्हतं, आणि त्या गेममध्ये कोण काय खेळतंय हे ओळखीच्यांना दिसतंच. संध्याकाळी लिफ्टवाल्याचा आवाज आला, ओरडत नव्हता, त्यामुळे जास्त लागला.

‘‘काकू, चुकून घेतलात का?’’

‘‘नाही रे. मुद्दाम घेतला.’’

‘‘आपलं ठरलं होतं.’’

‘‘तुमचं ठरलं होतं. मला थांबायला जमणार नाही.’’

‘‘का जमणार नाही? आम्हाला काय खेळावंसं वाटत नाही? घरचाच माणूस फुटला तर बाहेरच्यांना काय सांगायचं?’’

मी आईकडे बघत होते. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि ते सगळे धावत आले असते. ती म्हणाली, ‘‘तुला जे वाटतं ते कर, बाळा.’’ त्यानं केलं. टोळीच्या यादीतून सुईकाकू गेली. जुळ्यांपैकी एकीनं मागाहून मला ‘काकू अशी का वागली’ म्हणून विचारलं. मी लिहिलं, ‘तिलाच विचार.’ तिनं विचारलं नाही. तत्त्वाच्या माणसांचं एकदा बिनसलं की बिनसलं.

आई एकटी किनाऱ्यानं निघाली. मी तिला इतकं मन लावून काही बघताना पाहिलं नव्हतं. समुद्र दिसला की थांबायची. ‘‘हा बघ, सकाळचा आकाशी. आता खडकापाशी मोरपंखी होईल बघ. झाला! कुणीतरी डोळे असलेल्या माणसानं केलंय हे.’’ हळूहळू ती टीव्हीच्या जवळ सरकत गेली. मग मान वळवायला लागली. सरळ बघितलं तर मधोमध डाग, म्हणून तोंड खिडकीकडे करायचं आणि डोळ्याच्या कडेनं टीव्ही बघायचा. माझ्याशीही तसंच बोलायची. पाहुण्यांना वाटायचं, मायलेकींचं भांडण झालंय.

दाराशी ती पोचली तेव्हा तिला अजून बरंच दिसत होतं. हेच मला आजही सहन होत नाही. दाराची नक्षी दिसत होती, कडी दिसत होती. आणि दाराशी माणसं होती. परक्या गावची, परक्या भाषेतली, डोंगरावरून आलेली, जोडीदार शोधणारी. एकजण आईच्या शेजारी येऊन कंदील हलवून दुसऱ्या कडीकडे बोट दाखवत राहिला.

‘‘आई, ओढ ना कडी! तो तयार आहे.’’

‘‘तो आपला नाही.’’

‘‘अगं, दार उघडण्याशी मतलब!’’

‘‘सगळे आल्याशिवाय उघडायचं नाही.’’

‘‘त्यांनी तुला हाकललंय!’’ मी ओरडलेच. ‘‘कसला कायदा पाळतेस? कोणासाठी?’’

‘‘त्यांनी मला काढलं,’’ ती खिडकीकडे तोंड करून शांतपणे म्हणाली. ‘‘मी त्यांना कुठं काढलंय?’’ आणि तिनं गेममधली आपली बाहुली दारापासून बाजूला नेऊन एका दगडावर बसवली. तो परका थोडा वेळ वाट बघून निघून गेला.

मग मी स्वतःच ‘डोंगर’ आणायचं ठरवलं. ती म्हणाली, आण, पण तू टोळीत नाहीस. तरी आणला. पहिल्याच पुलावरून मी इतक्या वेळा पडले की आई पोट धरून हसली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी कंपनीला शिव्या देऊन मशीन बंद केलं. तेवढं एक तिचं हसणं मिळालं.

दुकान तिनं शरद ऋतू संपता संपता बंद केलं. रिळांची फळी घरी आणून भिंतीला ठोकली. रोज चार वाजता मशीन सुरू करायची, दगडावर बसलेल्या बाहुलीचा कंदील हलवायची, आणि बंद करायची. मशीन बंद असलं तरी बाहुली दाराशी इतरांना दिसत राहते.

लढा मात्र जिंकला बरं का! कंपनी नमली. दोन्ही अर्धे मिळून एक पूर्ण गेम, जुन्याच किमतीत, वर माफीनामा. खेळणाऱ्यांनी जल्लोष केला. बैल गेला अन् झोपा केला, हे म्हणायला आमच्याच घरात कुणीतरी उरलं होतं.

टोळीनं डोंगराकडून यायला फार दिवस लावले नाहीत. दाराशी पोचले तर दगडावर कंदील घेऊन सुईकाकू. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात लिफ्टवाला, कामाच्या निळ्या डगल्यात, हाताला ग्रीस.

‘‘ताई, काकू आहेत?’’

मला त्याच्या तोंडावर दार आपटायचं होतं. आईनं आतून ‘कोण आहे?’ विचारलं म्हणून राहिलं. मी बाजूला झाले.

आई तिच्या खुर्चीत होती. तो समोर स्टुलावर बसला. आईनं लगेच तोंड खिडकीकडे फिरवलं.

‘‘काकू, चुकलं माझं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही अजून दाराशी थांबलाय. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कालपासून कोणी नीट जेवलं नाही.’’

आईचं तोंड खिडकीकडेच.

‘‘इतका राग? माझं तोंडही बघवत नाही?’’

‘‘अरे वेड्या,’’ आई म्हणाली, ‘‘तुझं तोंड बघता यावं म्हणूनच तिकडे बघतेय. बारीक झालास.’’

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शपथ मोडली नाही. मी फक्त उठून टेबलावरची औषधाची बाटली त्याच्या हातात दिली. बाटलीवर डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव होतं. त्यानं ते वाचलं, परत वाचलं. ‘‘कधीपासून?’’ असं त्यानं विचारलं खरं, पण उत्तर त्याला आधीच सापडलं असावं, कारण तो तसल्याच हातानं डोळे पुसायला लागला.

‘‘रडू नकोस, ग्रीस डोळ्यात जाईल,’’ आई म्हणाली. ‘‘बाकीचे आलेत का? मग चला, उघडू या.’’

मी मशीन लावलं. स्पीकरमधून जुळ्या आणि बेकरीवाला ‘काकू, काकू’ करत होते. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. लिफ्टवाल्याची बाहुली कालपासून दाराशी उभीच होती. बेकरीवाल्यानं त्या बाजूची कडी धरली. इकडे आईचा अंगठा बटणावर बसेना, तर लिफ्टवाल्यानं तिचा हात धरून तो बटणावर ठेवला. उचलून नेणारे नकोत म्हणाली होती ती. पण हात काढून घेतला नाही तिनं.

दार उघडलं. खोलीभर उजेड पडला. 

मला दिसत होतं. डोंगर आणि किनारा जिथं मिळतात तिथलं बंदर, आणि त्यापलीकडे पाणीच पाणी. आईनं मान या बाजूला वळवून पाहिली, त्या बाजूला वळवून पाहिली. मग मान सरळ केली.

‘‘जवळचं तोंड दिसतं, हे दिसत नाही. मला नुसता उजेड दिसतोय,’’ ती म्हणाली. ‘‘काय आहे, सांग.’’

‘‘समुद्र आहे, काकू.’’

‘‘रंग?’’

‘‘निळा.’’

‘‘निळा म्हणजे कुठला?’’

त्यानं टीव्हीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या रिळांकडे. उठून तो फळीपाशी गेला, एक रीळ काढलं, टीव्हीपाशी धरून पाहिलं, परत ठेवलं. दुसरं काढलं, तेही ठेवलं. त्या फळीवर आईनं निळ्यांच्या कितीतरी रांगा लावल्या होत्या. तो एकेक रीळ पडद्याशी धरत राहिला, आणि आई खिडकीकडे तोंड करून वाट बघत राहिली.